ओळखीचा पुरावा

हॉस्पिटलमध्ये त्यांना सगळे कानवाल्या बाई म्हणत. तिसऱ्या मजल्यावर, वाचा-उपचाराच्या विभागाच्या समोरच्या टोकाला त्यांची कान तपासायची खोली होती. खोलीत आणखी एक छोटी खोली, आवाजबंद, जाड भिंतींची आणि एक काचेची खिडकी असलेली. पेशंट आत बसायचा, कानावर हेडफोन लावायचा, आणि बाई बाहेर मशीनपाशी बसून माइकमधून सांगायच्या, "आवाज ऐकू आला की बोट वर करा." हे वाक्य त्या इतकी वर्षं म्हणत होत्या की घरी दूधवाल्याने बेल वाजवली तरी त्यांचं स्वतःचं बोट वर जायचं, असं त्यांची लेक चिडवायची.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. रोज फोन करायची, सुट्टीला यायची. अशाच एका सुट्टीत ती सोफ्यावर पाय घेऊन बसली होती आणि बाई बातम्या सांगणाऱ्या माणसाला मोठ्याने काहीतरी सुनावत होत्या.

"आई, तू टीव्हीशी भांडायला लागलीस."

"तो उलट उत्तर देत नाही ना. तुझ्या बाबांपेक्षा बरा."

लेक हसली, पण तिने ते मनावर घेतलं. संध्याकाळी तिने आईचा फोन हातात घेतला आणि म्हणाली, "हे बघ, लग्न कर म्हणत नाही मी. कुणाशी बोलशील, कधी चहाला जाशील. तुझ्या वयाची खूप माणसं असतात तिथे."

बाईंनी आधी उडवून लावलं. मग नाही-हो करत शेजारी जाऊन बसल्या.

निवड लेकीनेच केली. पहिलं ॲप तिने लगेच बंद केलं. "इथे कुणीही कुणाचाही फोटो लावतं, कोणी तपासत नाही." दुसऱ्यात सगळी पंचविशीतली पोरं. "तुला मावशी म्हणतील." तिसरं पन्नाशी उलटलेल्यांसाठी होतं. तिथे नाव नोंदवताना कॅमेऱ्यासमोर बसून, ते सांगतील तसा गालाला हात लावून फोटो काढायला लागायचा, म्हणजे लावलेला फोटो आपलाच आहे हे त्यांना कळायचं. बाईंनी तीन वेळा चुकीच्या गालाला हात लावला.

"हॉस्पिटलच्या कोटातला फोटो नको," लेक फोटो चाळत म्हणाली. "हा दारातला पण नको, मागे पाटीवर आडनाव दिसतंय. ठिकाण दाखवायचं बंद करते. आणि ऐक, आडनाव सांगायचं नाही, पत्ता नाही, कुठे काम करतेस ते नाही. नंबरसुद्धा नाही. बोलायचं ते इथेच बोलायचं. कुणी दोन दिवसांत बाहेरच्या नंबरवर ये म्हणाला की काहीतरी काळंबेरं आहे समज. भेटायच्या आधी व्हिडिओवर बघायचं. भेटायचं ते माणसांत, आणि जाताना मला सांगून."

"आणि पैसे मागितले तर?"

"आई."

"अगं, पैसे मी तुझ्या बाबांनासुद्धा कारण विचारल्याशिवाय दिले नाहीत."

टोपणनाव काय घ्यायचं यावर अडलं. समोर टेबलावर बाईंचा चहा नेहमीसारखा अर्धा राहून गार झाला होता. लेकीने लिहिलं, अर्धा कप.

पहिला माणूस जहाजावरचा कॅप्टन निघाला. फोटो मोठा रुबाबदार. दुसऱ्याच दिवशी त्याने 'माझी राणी' असं लिहिलं. बाईंनी व्हिडिओवर या म्हटल्यावर त्याचा कॅमेरा बिघडला, आणि तिसऱ्या दिवशी त्याला ॲप सोडून दुसरीकडे बोलायचं होतं. बाईंनी लेकीला विचारून त्याची तक्रार नोंदवली आणि त्याला ब्लॉक केलं. एका बोटाचं काम. तो गेला, त्याचं बोलणंही गेलं, जणू कधी नव्हतंच. बाईंना स्वतःचं थोडं कौतुक वाटलं.

मग आला तळमजला. त्याने हेच नाव घेतलं होतं. फोटोत डोक्यावर हेल्मेट आणि चेहऱ्यावर कुणीतरी बळेच उभं केल्यासारखा भाव. पहिलाच मेसेज होता, "अर्धा का? कुणी प्यायला की सांडला?"

बाईंनी लिहिलं, "गार झाला."

"मग गरम करून घ्या. टाकू नका."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. खरं तर निवृत्त झाला होता, पण जुन्या लिफ्टा अडल्या की कंपनी त्यालाच बोलवायची. "आयुष्यभर लोकांना वर पोचवलं," त्याने लिहिलं, आणि पाठोपाठ, "वाईट अर्थाने घेऊ नका." बाई स्वयंपाकघरात एकट्याच हसल्या. बायको गेल्यापासून तो एकटा राहत होता. मुलगा आणि सून त्याच शहरात, पण दुसऱ्या टोकाला.

व्हिडिओवर तो पहिल्यांदा आला तेव्हा बाईंना त्याचं अर्धं कपाळ आणि छत दिसलं.

"मला तुमचा पंखा दिसतोय."

"तोही मीच दुरुस्त केलाय," तो म्हणाला, आणि फोन खाली आणला. साधा चेहरा होता. दमलेला, पण डोळे जागे.

भेटायचं ठरलं ते सार्वजनिक वाचनालयाच्या कँटीनमध्ये, शनिवारी, दिवसाउजेडी. लेकीने ठरवून दिलं होतं की ती मधेच फोन करेल. आईने 'गॅस बंद केलाय' म्हटलं की सगळं ठीक. 'दूध उतू गेलं' म्हटलं की ती लगेच हालचाल करेल. फोन वाजला, बाईंनी तोंड वळवून गॅसचं सांगितलं, आणि फोन ठेवताच तो म्हणाला, "लेक ना? तिला सांगा, आहे तशी परत देतो."

त्या दिवशी बाईंच्या लक्षात आलं की त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तो दर वेळी मान थोडी वळवायचा. पुढच्या शनिवारी त्या त्याच्या उजव्या बाजूला बसल्या. त्यालाही ते कळलं असावं.

शनिवार अंगवळणी पडले. तो फार बोलायचा नाही, पण जे सांगायचा ते खरं असायचं. एकदा म्हणाला, "बायकोच्या चपला अजून दाराशी आहेत. मुलगा यायच्या आधी पलंगाखाली सरकवतो. त्याला वाटायला नको, बाप अजून तिथेच अडकलाय." बाईंनी त्यांच्या घरातल्या, नवऱ्याच्या दाढीच्या ब्रशबद्दल सांगितलं. ते त्यांनी लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. फोटो मात्र दोघांनी एकदाही काढला नाही. सुचलंच नाही.

"मुलाला सांगितलंत का माझ्याबद्दल?" बाईंनी विचारलं.

"सांगणार आहे. मुलगा चांगला आहे, पण त्याला त्या घरात अजून आईच दिसते." मग जिना उतरताना तो थांबला. "पुढच्या शनिवारी नंबर द्या मला. खरं नाव, आडनाव पण. लेकीला विचारा हवं तर. मग माझं घर दाखवतो, मुलाला पण बोलावतो. लपवाछपवीचं वय राहिलं नाही आपलं."

बाईंनी लेकीला विचारलं. लेक म्हणाली, "इतके दिवस नीट वागलाय. दे."

पुढच्या शनिवारी बाईंनी निळी साडी नेसली. त्या कँटीनमध्ये बसल्या, एक चहा झाला, दुसरा झाला. माणसं आली, गेली. शेवटी पोऱ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या करून ठेवायला लागला तेव्हा त्या उठल्या. घरी येऊन त्यांनी लिहिलं, "बरं आहे ना?" उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्या आठवड्यातही नाही. त्याचा नंबर नव्हता. घर कुठे, कंपनी कुठली, काही ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचं नाही असंच तर ठरलं होतं.

"आई, असं होतं गं," लेक फोनवर म्हणाली. "बोलण्यापर्यंत सगळे असतात. नाव-गाव सांगायची वेळ आली की पळतात. कदाचित बायको असेल घरी. त्या चपला तिच्याच असतील."

ते वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं. लेकीला ते बोलून लगेच वाईट वाटलं, पण तोवर बोलून झालं होतं.

"तू रोज फोन उघडून बघतेस ना?"

"नाही."

"बघतेस. ब्लॉक कर त्याला. नाहीतर यातून बाहेर नाही पडणार तू."

बाईंनी आणखी काही दिवस काढले. मग एका संध्याकाळी, भाजी चिरता चिरता, ओला हात पदराला पुसून त्यांनी ते करून टाकलं. एका बोटाचं काम. हेल्मेट घातलेला चेहरा गेला, चहा गरम करून घ्या म्हणणारा मेसेज गेला, सगळे शनिवार गेले. त्या परत भाजी चिरायला लागल्या.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. वाचा-उपचारवाल्या मॅडमनी एक पेशंट पाठवला. पक्षाघाताचा झटका येऊन बोलणं गेलेलं, उपचार सुरू करायच्या आधी कान तपासून हवे होते. फाइलवरचं नाव अनोळखी होतं. एका तरुण बाईने चाकाची खुर्ची आत ढकलली. खुर्चीतल्या माणसाची मान खाली, दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. बाईंनी नेहमीसारखं फाइलमध्ये बघत विचारलं, "कधी झालं?"

"दोन महिने झाले," ती तरुण बाई म्हणाली. ती पेशंटची सून होती. "लिफ्टचं काम करतात. शुक्रवारी संध्याकाळी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पडले. शनिवारी सकाळी वॉचमनला दिसले. रात्रभर तिथेच होते."

बाईंनी मान वर केली. त्यांनी आधी हात पाहिला. ग्रीस मुरून काळं पडलेलं अंगठ्याचं नख मधे चिरलेलं होतं. तो हात त्यांनी कितीतरी शनिवार कपाच्या कानाला धरलेला पाहिला होता.

"काही बोलतात?" त्यांना आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. तोंडावर मास्क होता, ते बरं होतं.

"एकच शब्द राहिलाय. काहीही विचारा, 'नाही' म्हणतात. जेवायचं का, नाही. आणि मग सगळं जेवतात." सून ओशाळं हसली.

बाईंनी त्याला आतल्या खोलीत नेलं. हेडफोन लावताना त्यांची बोटं त्याच्या कानाला लागली. त्याने वर पाहिलं नाही. त्या बाहेर आल्या, दार लावलं, मशीनपाशी बसल्या आणि माइकचं बटण दाबलं.

"आवाज ऐकू आला की बोट वर करा."

त्याची मान वर आली. तो काचेतून बाहेर बघायला लागला. बाईंनी मास्क खाली ओढला. अजून त्यांनी मशीनचा एकही आवाज सोडला नव्हता, पण त्याने बोट वर केलं. वरच धरून ठेवलं.

तपासणी पूर्ण करायला हवी होती, ती त्यांनी केली. उजवा कान चांगला, डावा कमी. ते त्यांना माहीतच होतं.

मग त्या सुनेसमोर बसल्या आणि सगळं सांगितलं. सून ऐकत राहिली, एकदा सासऱ्यांकडे, एकदा बाईंकडे बघत. शेवटी म्हणाली, "मी ह्यांना सांगते."

पुढच्या खेपेला मुलगा स्वतः आला. रजा काढून काढून दमलेला, दाढी न केलेला. बापाची खुर्ची त्याने बाकाशेजारी लावली आणि बाईंना बाजूला बसायला सांगितलं. बोलणं अदबीचं होतं.

"राग मानू नका. पण तुम्ही इथे कामाला आहात. फाइल तुमच्याकडे असते. बाबांचं वय, आजार, घरी कोण, सगळं तुम्हाला दिसतं. उद्या कुणीही येऊन म्हणेल, मी ओळखते."

"बरोबर आहे तुमचं."

"काही आहे का तुमच्याकडे? एखादा फोटो, मेसेज?"

"फोटो नाही काढला कधी."

त्याने खिशातून बापाचा फोन काढला. "हा तेव्हा पडून बंद झाला होता. दुरुस्त होऊन आला तेव्हा यात ते ॲप दिसलं. मला वाटलं, कुणीतरी बाबांना फसवायला बसलंय. उघडलं तर आत कोणीच नव्हतं." त्याने त्यांच्यासमोर धरलं. पांढरा रिकामा पडदा होता.

"मी ब्लॉक केलं होतं," बाई म्हणाल्या. "केलं की दोन्हीकडचं जातं."

"का केलंत?"

"ते आले नाहीत म्हणून."

तो बापाकडे वाकून, डाव्या कानाशी, मोठ्याने म्हणाला, "बाबा, या बाईंना ओळखता का तुम्ही?"

"नाही," तो म्हणाला.

बाईंना ठाऊक होतं. अशा आजारात उरलेला शब्द कशाचाच नसतो, तोंडात तेवढाच सापडतो म्हणून येतो. किती पेशंटच्या नातेवाइकांना त्यांनीच हे समजावलं होतं. तरी तो शब्द ऐकून त्या उठायला लागल्या.

"नाही, नाही," तो पुन्हा म्हणाला, आणि चांगल्या हाताने त्याने त्यांची बाही पकडली. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुलाने एकेक बोट सोडवून तो हात परत मांडीवर ठेवला.

"त्यांना त्रास होतोय," तो म्हणाला. "आम्ही येतो."

बाईंना त्याचा राग आला नाही. त्या स्वतः अशा आजारी असत्या आणि कुणी अनोळखी माणूस ओळख सांगत आला असता, तर लेकीने यापेक्षा वेगळं काय केलं असतं? घरी येऊन त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. लेक म्हणाली, "मी येऊन सांगते त्याला." बाई नको म्हणाल्या.

उपचार चालू राहिले. दर गुरुवारी सून त्याला आणायची, आणि बाई दार लोटून घ्यायच्या. खुर्ची सुटली, काठी आली. मग एका गुरुवारी दारावर टकटक झाली. मुलगा होता.

"बाबा लिफ्टमधून उतरले की इकडे वळतात," तो म्हणाला. "मॅडमची खोली तिकडे, आणि हे इकडे. दर वेळी. बायको म्हणाली म्हणून आज बघायला आलो." तो उभाच होता. "मला एक सांगा. बाबांनी तुम्हाला असं काही सांगितलं होतं का, जे फाइलमध्ये नसतं?"

बाईंना सांगायचं जिवावर आलं. ते त्यांच्यापाशी विश्वासाने ठेवलेलं होतं. पण दुसरं काही नव्हतं.

"तुमच्या आईच्या चपला. त्या अजून दाराशी असतात. तुम्ही यायच्या आधी ते पलंगाखाली सरकवतात."

मुलगा खुर्चीवर बसला. "मला वाटलं, त्यांनी केव्हाच टाकल्या," तो म्हणाला. "ते पडले तेव्हा घर उघडलं, तर दाराशीच होत्या. मी त्या तिथेच ठेवल्या." त्याने दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "रविवारी या तुम्ही. आम्ही घरीच असतो. पण राग मानू नका, मी जवळपास असेन."

"असा. मला बरंच वाटेल."

अशा बाई रविवारी जायला लागल्या. गॅलरीत दोन खुर्च्या टाकलेल्या असायच्या. बाई त्याच्या उजव्या हाताला बसायच्या आणि आठवड्याचं सांगायच्या, कुणाच्या कानात काय निघालं, कोण कानात मशीन घालून घेत नाही. तो ऐकायचा. 'नाही'चे किती प्रकार असतात ते त्यांना हळूहळू कळायला लागलं. हसण्याचा 'नाही' वेगळा, दमल्याचा वेगळा, आणि त्या उठायला लागल्या की येणारा वेगळा. उपचारांनी उन्हाळ्यापर्यंत आणखी एक शब्द आला, 'बस'. त्या दारातून आल्या की तो बाजूच्या खुर्चीवर हात आपटून म्हणायचा, "बस." मुलगा एकदा आतून सुनेला म्हणाला, "मला 'बस' नाही म्हणत कधी." तो हसत म्हणाला होता, पण बाईंना ते ऐकून मुलासाठी वाईट वाटलं. त्यानंतर त्या मधे मधे मुद्दाम आत जाऊन सुनेला मदत करायच्या, म्हणजे गॅलरीतली दुसरी खुर्ची मुलाला मिळायची.

दुसरा झटका एका कामाच्या दिवशी आला. मुलाचा फोन आला तेव्हा आतल्या खोलीत एक आजोबा हेडफोन लावून बसले होते. "बाबा गेले," मुलगा म्हणाला. "सगळ्यांत आधी तुम्हाला करतोय." बाईंनी फोन ठेवला, आजोबांची तपासणी पुरी केली, त्यांना उठवून दारापर्यंत सोडलं, आणि मग त्या आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसल्या. तिथला आवाज बाहेर जात नाही.

शेवटच्या निरोपाला त्या मागे उभ्या राहिल्या. एका नातेवाइकाने मुलाला हळूच विचारलं, या कोण. मुलगा जरा अडखळला. "बाबांच्या मैत्रीण," तो म्हणाला, आणि त्यांना पुढे घेऊन गेला.

लेक आली ती आठवडाभर राहिली. पहिले दोन दिवस ती नुसती घरातली कामं करत होती, करायची गरज नव्हती तीसुद्धा. तिसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, "मी ब्लॉक कर म्हटलं नसतं तर."

"तर काय? ते पडायचे ते पडलेच होते तोवर."

"पण फोन सुरू झाल्यावर मुलाला तुझे मेसेज दिसले असते. त्याने तुला कळवलं असतं. तुला इतके महिने जास्त मिळाले असते, आई."

बाईंनी हातातली घडी पुरी केली. लेकीचं काही चुकलं नव्हतं, हे त्यांना सांगायचं होतं. पण ती म्हणत होती तेही खोटं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "मिळाले असते."

लेक रडायला लागली. बाईंनी तिला जवळ ओढून घेतलं आणि लहानपणी पाठीवरून फिरवायच्या तसा हात फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळाने लेकीने डोळे पुसले, आईचा फोन उचलला. "ते ॲप काढून टाकू?"

"टाक."

खातं बंद करताना ॲपने एक प्रश्न विचारला. लेकीने तो वाचला आणि ती थांबली. "का बंद करताय असं विचारतंय. 'कुणीतरी भेटलं', 'कुणीच भेटलं नाही', आणि 'इतर'. राहू दे, इतर करते."

"नको," बाई म्हणाल्या. "पहिलं कर."

लेकीने पहिलं केलं. मग दोघींनी उरलेल्या घड्या घातल्या आणि कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कामावर गेल्या. बाकावर पाच-सहा जण आधीच येऊन बसले होते.